डावीकडे वळायला बंदी

डेट्रॉइटच्या आसपास राहणारा मराठी माणूस बहुधा मोटारींच्या जिवावर जगतो, पण अख्ख्या मोटारीशी त्याचा संबंध क्वचितच येतो. कोणी दाराच्या रबराचा तज्ज्ञ असतो, कोणी वायपरच्या मोटरचा. माझे थोरले साडू डॅशबोर्डातल्या कप्प्याचं झाकण या विषयातले अधिकारी पुरुष आहेत. ते झाकण किती वेळा उघडलं की बिजागरी खुळखुळते, उन्हात किती फुगतं, बर्फात किती आक्रसतं, अपघातात कोणाच्या गुडघ्यावर येतं, हे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. अशा माणसाला पन्नाशीनंतर एकदा तरी आख्खी गाडी आपल्या मर्जीने खोलावीशी वाटली, तर दोष कोणाला द्यायचा? त्यांनी १९६७ सालची शेव्हरोले कॅमेरो घेतली आणि आल्या आल्या जॅकवर चढवली.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, परवडणाऱ्या गाडीत अवाढव्य इंजिन कोंबून ती तरुण पोरांना विकण्याची अमेरिकी युक्ती. १९६४ सालासाठी पाँटिॲकने जीटीओ काढली आणि हे वारं सुटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डने न्यू यॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग दाखवली आणि देश वेडा झाला. शेव्हरोलेला जाग येऊन कॅमेरो दुकानात यायला १९६६ चा सप्टेंबर उजाडला. ‘कॅमेरो म्हणजे नक्की काय?’ असं वार्ताहरांनी विचारल्यावर कंपनीच्या माणसांनी सांगितलं की ते मस्टँग खाणारं एक छोटंसं खुनशी जनावर आहे. (काटेकोर मंडळी या दोन्ही गाड्यांना मसल कार न म्हणता पोनी कार म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना घरी जायची घाई कधीच नसते.)

या गाड्या सुटायच्या मात्र अफाट. थांबणं आणि वळणं या गोष्टींचा विचार त्या काळी फारसा झालेला नव्हता. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पुढे डिस्क हवे असतील तर जादा पैसे मोजा. स्टिअरिंग इतकं दूरचं की चाकाला निरोप पोचेपर्यंत चौक मागे पडावा. म्हणूनच जुनी मसल कार घेणारा प्रत्येक जण आधी इंजिनाच्या गप्पा मारतो आणि पहिल्या वळणानंतर सस्पेन्शनच्या.

कॅमेरोची चासी हा तडजोडीचा उत्तम नमुना आहे. शेव्हरोलेच्याच शेव्हेलला ट्रकसारखी खाली पूर्ण लोखंडी चौकट आहे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली आहे. मस्टँगला वेगळी चौकटच नाही, पत्र्याची बॉडी हीच चौकट. कॅमेरोवाल्यांनी मधला मार्ग काढला. मागचा भाग मस्टँगसारखा एकसंध आणि पुढे इंजिनाखाली अर्धी चौकट, तीही बोल्टने जोडलेली. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि पुढची चाकं या सबफ्रेमवर. ड्रायव्हर, पेट्रोलची टाकी आणि मागची चाकं बॉडीवर. आणि दोघांच्या मध्ये रबराचे बुश. हेतू चांगला होता, रस्त्याचा खडखडाट आत येऊ नये. परंतु रबर म्हातारं झालं की वळणावर पुढचा भाग आधी वळतो आणि मागचा थोडा विचार करून येतो.

उघड्या टपाच्या कॅमेरोची कथा तर याहून रंगतदार. टप गेल्यावर बॉडीतला ताठरपणा गेला आणि ती थरथरायला लागली. तेव्हा इंजिनिअरांनी गाडीच्या चार कोपऱ्यांत चार डबे बसवले. प्रत्येक डब्यात तेलात बुडवून स्प्रिंगवर टांगलेलं एक वजन. गाडी एका बाजूने थरथरली की वजन उलट थरथरून तिला गप्प करणार. लोकांनी त्या डब्यांना ‘कॉकटेल शेकर’ म्हणायला सुरुवात केली. झाकणातले चार ग्रॅम कमी करण्यासाठी वर्षानुवर्षं बैठका केलेल्या आमच्या साडूंना ही गोष्ट सांगताना गहिवरून येतं.

मागच्या बाजूला पाटे. तेसुद्धा १९६७ च्या गाडीला दोन्ही बाजूंना एकेकच. एसटीच्या खाली वाकून पाट्यांची चळत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा एकुलता एक पाटा पाहून दया येईल. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पाटा नागमोडी पिळला जातो, मग झटक्याने सरळ होतो, पुन्हा पिळला जातो आणि मागचा ॲक्सल रस्त्यावर उड्या मारतो. पुढच्याच वर्षी कंपनीने एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे अशी अदलाबदल केली आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना एकाऐवजी अनेक पाटे दिले. कारखान्याने हात झटकले. मालक लोक गेली जवळजवळ साठ वर्षं पुढची दुरुस्ती करताहेत.

अशा गाडीच्या मालकाला कशाचाही तुटवडा पडेल, सल्ल्याचा नाही. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभं राहायचं, हातात कॉफीचा पेला धरायचा आणि ‘सस्पेन्शन बदलायचं आहे’ एवढंच पुटपुटायचं. पहिला येतो तो पाव मैलाच्या शर्यतीवाला. वळण नावाची गोष्ट त्याला मान्य नाही. गाडीचं नाक पटकन वर उचललं गेलं पाहिजे म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर पडून ती रस्ता पकडतील, म्हणून पुढे मऊ स्प्रिंगा घाला आणि सहज ताणले जाणारे पण दाबायला जड असे ‘नव्वद-दहा’चे शॉकअप घाला, असं तो सांगतो. तो पाठ वळवतो न वळवतो तोच शर्यतीच्या गोल ट्रॅकवाला येतो आणि याच्या नेमकं उलट सांगतो. त्याला नाक मुळीच उचललेलं नको. त्याला पाटे काढून कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगेच्या आत बसवलेले शॉकअप हवेत, जाड अँटीरोल बार हवा. तिसऱ्याला गाडी चालवायचीच नसते. त्याला हवेच्या पिशव्या बसवून बटण दाबताच गाडी पोटावर बसलेली बघायची असते.

चौथा मात्र भयंकर. हा शुद्धतावादी. १९६७ साली ओहायोतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ज्या बोल्टच्या डोक्यावर जी खूण होती तोच बोल्ट लावा, असा याचा आग्रह. कामगाराने घाईत रंगाचा फवारा जिथे नको तिथे मारला असेल तर तोही तसाच मारा. याच्यासमोर ‘सबफ्रेम बदलायची आहे’ असं म्हणणं म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत चिकन मागवण्यासारखं आहे. साडू चौघांचंही ऐकतात, चौघांनाही ‘यू आर राइट’ म्हणतात आणि घरी येऊन एक्सेलमध्ये चार नवे रकाने उघडतात.

मध्येच एक १९६९ ची डॉज चार्जर दिमाखात आली. तिच्या मालकाने क्रायस्लरच्या टॉर्शन बारचं गुणगान सुरू केलं. पुढे स्प्रिंगेऐवजी लांब पोलादी दांडा, तो पिळला जातो आणि धक्का पचवतो, मागे पाटे. मी त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं की हीच मांडणी आमच्या भारतातल्या ॲम्बॅसडर गाडीचीही होती. तो प्रभावित झाला. त्याने विचारलं, ‘किती हॉर्सपॉवर?’ मी कॉफी आणायला गेलो.

या क्षेत्रातला सगळ्यात मोठा विनोद मात्र मस्टँगच्या नावावर आहे. १९७४ सालासाठी फोर्डने मस्टँग टू काढली, पिंटो नावाच्या छोट्या गाडीच्या हाडांवर. पहिल्या वर्षी तिला व्ही-८ इंजिनसुद्धा मिळत नव्हतं. तेलाच्या टंचाईत ती धडाक्याने विकली गेली, पण शौकीन आजही तिचं नाव घेताना नाक मुरडतात. पण तिचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर होतं, रॅक अँड पिनिअन स्टिअरिंगसकट. हॉट रॉडवाल्यांनी भंगारातून ते उचलून जुन्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. पुढे त्याच्या नकला कारखान्यांत बनू लागल्या आणि आज नव्याने उभ्या केलेल्या असंख्य जुन्या गाड्या ‘मस्टँग टू’ पुढच्या टोकावर उभ्या आहेत. ज्या गाडीला कोणी दारात उभं केलं नसतं तिचे गुडघे सगळ्यांना हवेत. जुन्या मस्टँगमध्ये ते बसवायचं तर मात्र इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंगांचे मनोरे कापून काढावे लागतात. मनोरे ही त्या बॉडीची ताकद. ती कापायची आणि मग बाहेरून पुन्हा ताकद वेल्ड करायची. यालाही अपग्रेड म्हणतात.

आणि गंमत अशी की सगळ्यात गुणी उपाय जवळपास फुकट आहे. फोर्डमधले सस्पेन्शनचे जाणकार क्लाउस आर्निंग यांनी शोधून काढलं की मस्टँगच्या पुढच्या चाकाचा वरचा हात आहे त्याहून एक इंच खाली बसवला की वळणावर बाहेरचं चाक भलतीकडे न कलता सरळ राहतं आणि टायर रस्त्यावर सपाट टेकतो. कॅरल शेल्बी यांनी १९६५ च्या जीटी-३५० मध्ये हेच केलं, म्हणून लोक याला शेल्बी ड्रॉप म्हणतात. कॅमेरोसाठी असाच उपाय डिक गुल्डस्ट्रँड या शर्यतपटूच्या नावाने ओळखला जातो. लागतं काय? कागदाचा एक साचा, ड्रिल, नवी भोकं आणि नंतर नीट केलेली अलाइनमेंट. हे मी साडूंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, किंमत विचारली आणि ती ऐकून त्यांचा विश्वासच उडाला. इतक्या स्वस्तात सुधारणा होत असेल तर मग आपण इतकी वर्षं नोकरी कशासाठी केली?

त्यांना हवी होती ती पूर्ण नवी सबफ्रेम. आयती वेल्ड करून, पावडर कोट करून येणारी, अलीकडच्या कॉर्व्हेटचे स्पिंडल घेणारी, रॅक स्टिअरिंगची. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘सहा बोल्ट, झालं काम’. ते सहा बोल्ट खरे आहेत, पण मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला बोल्ट फिरवायला गेलं की त्याच्यासोबत बॉडीच्या आतला पिंजऱ्यातला नटही गरगर फिरतो. मग आत पोचायला फ्लोअर कापा. सहा बोल्टांची ही सुरुवात.

पुढे साखळीच आहे. नव्या सबफ्रेमला मोठे डिस्क ब्रेक, मोठ्या ब्रेकना अठरा इंची चाकं, त्या चाकांना रुंद टायर. पुढे रुंद टायर तर मागे का नाही? मागे रुंद टायर बसवायला आतली चाकघरं कापून मोठी करायची. चाकघरं कापली की पाटे आड येतात, म्हणून पाटे काढून फोर-लिंक (ॲक्सल धरून ठेवणारे चार दांडे) आणि कॉइलओव्हर. ॲक्सल आता रुंद पडला, म्हणून तो आखूड करायचा. आखूड करायचाच तर फोर्डचा नऊ इंची डिफरन्शिअल घालायचा, कारण तो तुटत नाही. शेव्हरोलेवर बसून फोर्डला शिव्या देणाऱ्यांच्या मागच्या बाजूला फोर्डच असतो, हे त्या जगातलं उघड गुपित आहे. नवं स्टिअरिंग आलं की जुनं ऑइल पॅन त्याला लागतं. पॅन बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. इंजिन बाहेर काढलंच आहे तर... इथे साडूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, स्वयंपाकघरातून विचारतात, ‘ती गाडी चालते का?’ साडू म्हणतात, ‘चालत होती.’

१९६७ साली साध्या सहा सिलिंडरच्या नव्या कोऱ्या कॅमेरोची किंमत होती २,४६६ डॉलर. आज चांगल्या प्रतीचे, घुंडी फिरवून कमीजास्त करता येणारे चार कॉइलओव्हर त्या पैशांत येतीलच असं नाही. महागाई वगैरे मला समजते. तरीही शॉकअपच्या खोक्यावरची पावती पाहून घशाला कोरड पडते.

या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही. ही गाडी वळवणार कुठे? डेट्रॉइटची उपनगरं म्हणजे मैलामैलावर आखलेले सरळ रस्ते. आठ मैल, नऊ मैल, दहा मैल अशीच त्यांची नावं. साडूंच्या डोळ्यांपुढे दिसते ती वुडवर्ड ॲव्हेन्यू, जिथे १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा ‘ड्रीम क्रूझ’ भरतो. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत हजारो गाड्या आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेले लाखो लोक. वेग म्हणाल तर लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधीच्या रविवारी असतो तितका. वुडवर्ड सरळसोट आहेच, शिवाय तिथल्या चौकांत डावीकडे वळायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. डावीकडे जायचं तर चौक ओलांडून पुढे जायचं, दुभाजकातल्या फटीतून यू टर्न घ्यायचा, परत यायचं आणि उजवीकडे वळायचं. याला ‘मिशिगन लेफ्ट’ म्हणतात. ज्या राज्यात सरळ डावीकडे वळायचीसुद्धा मुभा नाही, त्या राज्यात आमचे साडू वळणाची गाडी घडवताहेत.

साडू मूळचे चिपळूणचे. कॉलेजच्या काळात कराडला जाताना कुंभार्ली घाट त्यांनी एसटीतूनच चढला. खाली पाटे, वर टपावर आंब्याच्या पेट्या, आणि ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग फिरवत दुसऱ्या हाताने तंबाखू मळतो आहे. वळणांची हौस त्यांना तिथूनच लागली असणार. पण एसटीच्या त्या ड्रायव्हरने कधी फोर-लिंक मागितल्याचं ऐकिवात नाही.

पाट्यांची बाजू घ्यायला एसटीच कशाला हवी? पेन्स्के संघाच्या कॅमेरोत बसून मार्क डोनह्यू यांनी १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ट्रान्स-ॲम शर्यतींचं अजिंक्यपद शेव्हरोलेला मिळवून दिलं. त्या गाड्यांच्या मागे पाटेच होते. स्वतः इंजिनिअर असलेल्या डोनह्यूंनी आणि त्यांच्या मेकॅनिकांनी प्रत्येक बुश, प्रत्येक कोन, प्रत्येक शॉकअप तपासून तपासून तो पाटा कामाला लावला. हे मी साडूंना सांगितलं तर ते म्हणाले, ‘त्यांच्याकडे वेळ होता.’ झाकणवाल्यांकडे नसतो म्हणे.

मी मोटारींचा इंजिनिअर नाही, पण इतकं ऐकून ऐकून माझंही मत तयार झालं आहे. सांगतो. चासी लवचिक असताना तिच्यावर कडक स्प्रिंगा घातल्या तर चासीच स्प्रिंग होते, आणि तिला शॉकअप नसतो. म्हणून आधी गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्याला जॅक लावून चाक उचला आणि दार उघडून बंद करून पाहा. दार अडकलं तर पैसे चकाकणाऱ्या कॉइलओव्हरवर घालू नका. आधी बॉडी माउंटचे बुश बदला. सबफ्रेम सरळ बसली आहे की नाही हे बघायला तिच्यात आणि बॉडीत जुळणारी भोकं कारखान्यानेच ठेवली आहेत. त्यांतून ५/८ इंची सळी आरपार गेली पाहिजे. मग पुढची अर्धी चौकट आणि मागच्या पट्ट्या जोडणारे सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करा. ते करताना गाडी तिच्या चाकांवर, तिच्या वजनासकट उभी हवी. जॅकवर वाकलेल्या अवस्थेत वेल्ड केलीत तर ती कायमची वाकडी होईल आणि दार पुन्हा कधीच नीट बसणार नाही.

त्यानंतर बॉलजॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश, चांगले शॉकअप, चांगले रेडिअल टायर. कारखान्यातून येणारा अँटीरोल बार बोटाएवढा असतो, तो जाड करा. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात खरे, पण ग्रीस सुकलं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर असे कण्हतात की शेजारी खिडकी उघडतात. घरच्या गाडीला रबर बरं. वरच्या हाताची भोकं खाली घ्या. अलाइनमेंट करणाऱ्याला १९६७ चं पुस्तक उघडू देऊ नका. त्यातले आकडे जुन्या बायस-प्लाय टायरांचे आहेत, रेडिअलला कॅस्टर जास्त लागतो. मग एक उन्हाळाभर गाडी चालवा. त्यानंतरही तक्रार उरली तर सबफ्रेमचं बघू. दहातल्या आठांची उरत नाही, असा माझा अंदाज. उरलेले दोघे खरेच ट्रॅकवर जातात, त्यांनी हा लेख वाचण्याची गरज नाही.

साडूंनी अर्थात नवी सबफ्रेम मागवली. ती आली, खोकी उघडली गेली, गाडी अजून जॅकस्टँडवर आहे आणि एक्सेलमध्ये आता ऑइल पॅनचे रकाने सुरू आहेत. जुनी सबफ्रेम काढून भिंतीला टेकवली आहे. ती टाकवत नाही, कारण त्या शुद्धतावाद्याने सांगून ठेवलं आहे की मूळ भाग जपला तर विकताना किंमत येते. विकण्याचा प्रश्न निघाला की साडू गॅरेजचं दार लावून घेतात. ताईंची गाडी मात्र हिवाळाभर बाहेर बर्फात उभी असते, आणि सकाळी काच खरवडताना त्यांचं डेट्रॉइटच्या मोटारउद्योगाविषयीचं मत ऐकण्यासारखं असतं.

तेव्हा मिशिगन, ओहायो किंवा आसपासच्या कोणा मराठी वाचकाला १९६७ च्या कॅमेरोची मूळ सबफ्रेम हवी असेल तर कळवा. गंज वरवरचा आहे, बुश संपलेले आहेत. ती न्यायला ट्रक आणि दोन धडधाकट माणसं लागतील. ताई फुकट देतील, जेवायलाही घालतील. त्यांची अट एकच आहे: साडू घरी नसताना या, आणि बदल्यात दुसरा कुठलाही पार्ट ठेवून जाऊ नका.